‘नाही’च्या चौकटीत खूण करण्याआधी

पत्र थोडक्यात असं आहे. बेळगाव तालुक्यातल्या एका गावातल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने लिहिलं आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतात. २०२२ साली १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या, म्हणजे मराठी सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, फेरीत ते गावच्या पोरांबरोबर गेले. नंतर पोलिसांनी काही जणांवर गुन्हा नोंदवला, त्यात यांचंही नाव आलं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं १४३, १४७, १४९ आणि ३४१, म्हणजे बेकायदा जमाव, दंगा आणि वाट अडवणं. काकांनी शेताचा उतारा देऊन जामीन घेतला. २०२४ मध्ये समन्स आलं आणि तेव्हापासून तारखा पडत आहेत. आता कतारमध्ये नोकरीची संधी आली आहे, पण पासपोर्टच काढलेला नाही. अर्जात विचारलंय, तुमच्यावर न्यायालयात फौजदारी खटला चालू आहे का? एजंट म्हणतो, “नाही म्हणून टाका, चाळीस हजार द्या, पोलिसांचा दाखला साफ आणून देतो.” मित्र म्हणतात, कोल्हापूरच्या मामांच्या पत्त्यावर काढ. वकिलांनी सुचवलंय, गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका दिवसात मोकळे व्हा. घरात आई सारखी म्हणते, पोराच्या कपाळावर शिक्का बसला. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. “खोटं बोलल्याशिवाय आता मार्ग आहे का? आणि त्या दिवशी गेलो, हीच माझी चूक झाली का?”

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘गुन्हेगार’ हा शब्द तुम्ही स्वतःसाठी पाच वेळा वापरला आहे. तिथूनच सुरुवात करू, कारण पुढचे सगळे घोटाळे या एका शब्दातून निघतात.

गुन्हा नोंद होणं ही एक पायरी. चार्जशीट दाखल होऊन न्यायालयाने त्याची दखल घेणं ही दुसरी. दोषी ठरणं ही तिसरी. आपल्याकडे गल्लीत, लग्नाच्या बैठकीत, पंचांसमोर या तिन्ही पायऱ्यांना एकच नाव आहे: ‘केस आहे त्याच्यावर.’ कायदा मात्र तिन्ही वेगळ्या मोजतो, पासपोर्टचा अर्जही वेगळ्या मोजतो. तुम्ही दुसऱ्या पायरीवर उभे आहात. तुम्हाला कुणी दोषी ठरवलेलं नाही. आईला हे सांगा, आणि तिच्या भाषेत सांगा. तिने ऐकलेली सगळी माहिती दारात येऊन समन्स देऊन गेलेल्या शिपायाकडून आलेली आहे.

ही पायरी नेमकी कुठली, हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही. तुम्ही लिहिता, “कागद सगळे कन्नडमध्ये आहेत, वकिलांकडेच असतात.” सीमाभागातल्या कितीतरी पोरांची हीच गत आहे. कन्नड बोलता येतं, बसवरची पाटी वाचता येते, पण चार्जशीटमधलं कोर्टाचं कन्नड वाचायला बसलं की दोन ओळींत धाप लागते. मग आपल्यावर नेमका आरोप काय, हेच वर्षानुवर्षं माहीत नसतं. आरोपीला चार्जशीटची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. ती मागून घ्या. गावात कन्नड माध्यमात शिकलेलं कुणीतरी असेलच, नसेल तर कन्नड शाळेतल्या गुरुजींना विनंती करा. एक दुपार बसा आणि ओळ न् ओळ समजून घ्या. तुम्ही काय केलं असं लिहिलंय? तुमचं नाव कुणाच्या जबाबात आहे? की नुसतं ‘इतर’ म्हणून शेपटाला जोडलंय? खटल्याची पुढची तारीख ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावाने किंवा खटल्याच्या क्रमांकाने मोबाइलवर बघता येते. तेवढ्यासाठी वकिलांच्या ऑफिसच्या बाकावर बसायची गरज नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. काहींच्या बाबतीत नुसता गुन्हा नोंद झाला, पण चार्जशीट कधी गेलीच नाही. अशा छोट्या कलमांना मुदत असते. ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत शिक्षा, त्याची दखल न्यायालयाने एका वर्षात घ्यायला हवी. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर तीन वर्षांत. उशीर माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी कारण द्यावं लागतं. तेव्हा आठ वर्षांपूर्वीच्या फेरीत नाव होतं म्हणून आजही भीत बसलेल्यांनी आधी बघावं की न्यायालयात खटला उभा तरी आहे का. नसला, तर पासपोर्टच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तुमच्या बाबतीत समन्स आलेलं आहे. तुमचं खरं उत्तर ‘होय’.

आता एजंट. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम १२ आहे. पासपोर्ट मिळवायला खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मिळालेला पासपोर्टही जप्त होऊ शकतो. आज तुमच्यावरचा आरोप रस्त्यावर जमाव केल्याचा आहे. चौकटीत ‘नाही’ लिहिलंत की उद्याचा आरोप फसवणुकीचा असेल, आणि तो बचावाला अवघड असेल, कारण खूण तुमच्याच हाताने केलेली असेल. चाळीस हजार घेऊन तो माणूस तोवर दुसऱ्या गावात असेल. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणी असलेल्यालाही सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. हा गडी नुसत्या दाखल्याचे चाळीस मागतोय. त्याचा फोन उचलू नका.

मामांचा पत्ता. आपल्या माणसांना हा मार्ग सहज सुचतो, कारण आपलं निम्मं गणगोत शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात. आजी चंदगडची, मावशी गडहिंग्लजला, मामा कोल्हापूरला. पण पोलिसांच्या नोंदी आता ठाण्याच्या रजिस्टरात अडकून राहत नाहीत, त्या देशभर जोडलेल्या आहेत. कोल्हापूरच्या पत्त्यावर अर्ज केला तरी बेळगावचं नाव समोर येऊ शकतं. आणि आलं नाही तरी प्रश्न तोच राहतो: खटला चालू आहे का? मामांच्या घरी राहून उत्तर बदलत नाही. शिवाय राहत नसलेल्या पत्त्यावर राहतो म्हणून लिहिणं हेही खोटंच, आणि त्यात मामांची सही गुंतते.

वकिलांनी सुचवलेला मार्ग मात्र मी झटकून टाकणार नाही. तो खोटेपणाचा नाही, आणि ते वकील वाईट आहेत असंही नाही. कबुली दिली, न्यायालयाने हजार-दोन हजार दंड केला, तर खटला संपतो. खटला संपला की पासपोर्टची मुख्य अडचण संपते. दोषी ठरलेल्याला पासपोर्ट नाकारण्याची तरतूद आहे, पण ती अर्जाआधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात निदान दोन वर्षांची कैद झालेल्यांसाठी आहे. दंड भरून सुटलेला माणूस त्यात बसत नाही. पासपोर्ट एवढंच ध्येय असेल, तर हा रस्ता खरोखरच सर्वांत जवळचा आहे.

पण त्याची किंमत पुढे द्यावी लागते. आज तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात, कबुलीने स्वतःहून तिसऱ्यावर चढता. यापुढे सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये, ‘कधी दोषी ठरलात का’ याला आयुष्यभर ‘होय’ लिहायचं. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या, आपला दावा असलेल्या ८६५ गावांतल्या आपल्या मुलांना तिथल्या भरतीला बसू देतं, तुमचं गाव त्यात असेल तर ती दारंही लक्षात ठेवा; पोलिस भरतीत हा नमुना बारकाईने बघतात. परदेशी व्हिसाच्या अर्जांतही दोषसिद्धी विचारतात. आणि आपल्याकडे मोठ्या माणसाची अशी नोंद काही वर्षांनी पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा नाही. सतरा वर्षांच्या मुलासाठी आहे, सव्वीस वर्षांच्यासाठी नाही. शिवाय तुम्ही पत्रात लिहिलंय, “मी दगड उचलला नाही, रस्ता अडवला नाही, सायकल हातात धरून चालत होतो.” मग जे केलं नाही ते केलं म्हणून न्यायाधीशांसमोर का सांगायचं? घाई आहे म्हणून? मला वाटतं, एवढ्यासाठी नको.

तरीही घरची परिस्थिती अशीच असेल की कबुलीशिवाय गत्यंतर नाही, तर वकिलांना १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्याची आठवण करून द्या. दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालय दंडाऐवजी ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकतं. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता मग लागत नाही. नोंद राहते, पण तिची धार कमी होते. आपल्या तालुका कोर्टांत हे मागायचं राहूनच जातं.

तुमच्यासाठी मला दिसणारा मार्ग वेगळा आहे, आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. खटला चालू असताना पासपोर्ट मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. केंद्र सरकारची २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे. तिच्याप्रमाणे, ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याने परदेशी जायची परवानगी दिली, तर पासपोर्ट देता येतो. परवानगीत जेवढी मुदत लिहिली तेवढ्याच मुदतीचा. आणि मुदत काहीच लिहिली नाही, तर एक वर्षाचा.

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात घ्या, कारण माणसं इथेच अडकतात. वकील अर्जात नुसतं ‘परवानगी मिळावी’ असं लिहितात, न्यायालय ‘परवानगी दिली’ म्हणतं, आणि हातात येतो एक वर्षाचा पासपोर्ट. आखातातली कंपनी दोन-तीन वर्षांचा करार करते, व्हिसासाठी पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक मागते. वर्षाच्या पासपोर्टवर ती नोकरी उभीच राहत नाही. म्हणून अर्जात सगळं स्पष्ट मागा: पासपोर्ट किती वर्षांचा, परदेशात किती काळ राहायची परवानगी, कुठल्या देशात, कोणत्या कंपनीत. ऑफर लेटर जोडा. घरची जबाबदारी लिहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, तारखांना वकील हजर राहतील, न्यायालयाने बोलावलं की मी स्वतः येईन, असं लेखी द्या. प्रत्येक तारखेला स्वतः न येण्याची सूटही त्याच वेळी मागता येते. छोट्या कलमांत, एकही तारीख न चुकवलेल्या आरोपीला अशी परवानगी मिळण्याची आशा चांगली असते. चुकवल्या असतील तर आधी वॉरंट निघालंय का ते बघा, निघालं असेल तर रद्द करून घ्या, मगच अर्ज करा.

आदेश हाती आला की फॉर्मवर ‘होय’ लिहा, आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल जोडा, आणि बेळगावच्याच पत्त्यावरून अर्ज करा. पोलिस घरी चौकशीला येतील. घाबरू नका, तोच कागद त्यांनाही दाखवा. नोकरीसाठी लागणारा पोलिसांचा दाखला, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, तो खटला चालू असताना अडतो. म्हणून न्यायालयातल्या परवानगीच्या अर्जातच त्या दाखल्याचाही उल्लेख करायला वकिलांना सांगा, आणि कंपनीला आताच खरं कळवा. सायकल फेरीतल्या गर्दीची केस आहे, न्यायालयाची परवानगी आहे, एवढ्या दोन ओळी पुरतात. ती नोकरी कदाचित जाईल. तेवढी तयारी मनात ठेवा. पण तिथे पोचल्यावर कळून परत पाठवण्यापेक्षा इथे असताना नकार आलेला बरा. विमानाचं तिकीट आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज तरी वाचतं.

जामिनाचंही बोलू. तुमची चारही कलमं जामीनपात्र आहेत, त्यामुळे ‘हद्द सोडू नये’ अशी अट बहुधा नसेल. पण ज्यांच्यावर ३५३ लागलंय, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर बळ वापरल्याचं, त्यांच्या जामीन आदेशात ती अट असू शकते. मग कतार दूरच, कोल्हापूरला लग्नाला जाणंही कागदोपत्री हद्द ओलांडणं ठरतं. आदेश वाचा, अट असेल तर ती शिथिल करून घ्या. आणि न सांगता परदेशी जायचा विचार कुणाच्या मनात आला असेल, तर आधी जामीनदाराचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या काकांनी उतारा दिलाय. तुम्ही तारखेला आला नाहीत, तर बंधपत्राची रक्कम त्यांच्याकडून वसूल होते.

नोकरीच्या बाजूबद्दल. उद्यमबागेत तुम्हाला कुणी विचारलं नाही, उद्याही बहुतेक विचारणार नाही. पुण्यातल्या मोठ्या कंपन्या विचारतात, त्यांच्या वतीने तपासणाऱ्या संस्था न्यायालयांच्या नोंदी चाळतात. नियम साधा आहे: विचारलं नाही तर आपणहून छातीवर फलक लावून फिरायची गरज नाही, विचारलं तर खरं सांगायचं. सरकारी नोकरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, तो तुम्ही आवर्जून ध्यानात ठेवावा. माहिती लपवलेल्या उमेदवारांचं काय करायचं, हा त्यातला प्रश्न होता. क्षुल्लक गुन्ह्याचं उदाहरण देताना न्यायालयाने तरुण वयात घोषणा देणं हेच उदाहरण दिलं, आणि अशा ठिकाणी नोकरी देणारा ते माफ करू शकतो असं म्हटलं. तो ‘करू शकतो’, त्याने केलंच पाहिजे असं नाही. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला घोषणा देणाऱ्या पोराची गोष्ट समजते, हे आईला सांगण्यासारखं आहे. खरं सांगणाऱ्यालाही खातं नाकारू शकतं, मात्र त्याला आपली बाजू मांडायला जागा राहते. लपवणाऱ्याची ती जागा जवळजवळ संपते.

खटला संपवण्याचे दुसरे रस्तेही चालू ठेवा. उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आपल्या जवळ आहे. चार्जशीटमध्ये तुमच्याविरुद्ध ठोस काही नसेल, तर खटला रद्द करण्याची याचिका तिथे करता येते, आणि सगळ्या आरोपींनी मिळून केली तर खर्च वाटला जातो. सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीने खटला मागेही घेऊ शकतो, पण त्यामागे सरकारचा निर्णय लागतो. त्याची वाट बघत तारखा चुकवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

इथे मला एक बोलायचंच आहे. फेरीला या म्हणून हाक देताना पोरांची नावं लागतात, तशी तारखेलाही ती आठवली पाहिजेत. सत्तर वर्षं होत आली सीमाभाग महाराष्ट्रात यावा या लढ्याला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जिथे पोचायचा तिथे पोचेल. पण मधल्या काळात वीस-बावीस वर्षांच्या मुलांना जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या, कोर्टाच्या व्हरांड्यात एकटं उभं राहावं लागू नये. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे गावातले सगळे आरोपी मिळून जा आणि एक चांगला वकील सगळ्यांसाठी द्या म्हणून सांगा. ही भीक नव्हे, तुमचा हक्क आहे. तुम्ही एकटेच कुढत बसलात म्हणून प्रत्येक जण वेगळा वकील, वेगळा सल्ला, वेगळी भीती घेऊन बसलाय.

आणखी काही वाचकांसाठी. तुमच्यावर फेरीची केस नसेल, पण बांधावरून भाऊबंदकीत मारामारी झाली असेल, चेक परत गेला असेल, गाडीचा अपघात झाला असेल, तरी न्यायालयात खटला उभा आहे तोवर पासपोर्टच्या अर्जात तोही ‘होय’च असतो. फरक असा, की साधी मारहाण, शिवीगाळ, चेक ही प्रकरणं तडजोडीने मिटतात, आणि तशी मिटली तर ती निर्दोष सुटल्यासारखीच धरली जातात. भावाशी बोलायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. १४३ आणि १४७ मात्र तडजोडीची कलमं नाहीत. निर्दोष सुटलात तर निकालाच्या चार-पाच सही-शिक्क्याच्या नकला काढून ठेवा, एकीचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. व्हिसाच्या खिडकीत कन्नड निकाल कुणी वाचत नाही. आणि अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज दोषसिद्धीबरोबर अटकही विचारतो, तिथे तोच निकाल उपयोगी पडतो.

तुमचा दुसरा प्रश्न. गेलो ही चूक झाली का? आपल्या भाषेसाठी सायकल घेऊन शांतपणे चालत जाणं ही चूक आहे, असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. त्या दिवशी फेरीला परवानगी होती की नाही, हे कुणी तुम्हाला सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही, एवढंच काय ते राहिलं. तुमच्या आईला दिसतो तो शिक्का आणि मला पत्रात दिसलेला मुलगा, यांत मला मुलगाच जास्त खरा वाटतो. ज्याला खोटं लिहायचंच असतं, तो पत्र पाठवून विचारत बसत नाही.

एवढ्या लांब पत्रात एक गोष्ट मात्र सापडली नाही. पुढची तारीख कधी आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत नसेल तर आज रात्रीच मोबाइलवर बघा, आणि सकाळी कामावर जाताना काकांनाही सांगून जा.